गेटची कडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे केनचं कचऱ्याचं बिन रस्त्यावर नेऊन ठेवणं. त्यात सांगण्यासारखं तसं काही नाही. बुधवारची संध्याकाळ होती, आमच्याकडे गुरुवारी सकाळी कचऱ्याची गाडी येते. विमलनं तो जुना निळा कोट घातला, डोक्याला स्कार्फ बांधला आणि म्हणाली, "अहो, चला." मी टीव्ही बघत होतो. म्हणालो, एक आठवडा नाही गेलीस तर केनचा कचरा काय नासणार आहे का? ती म्हणाली, "कचरा नासतोच. चला."

केन आमच्या कोपऱ्यावरून वळलं की पलीकडच्या गल्लीत राहतो. म्हातारा, एकटा, कमरेनं अधू. त्याच्या घराच्या बाजूला लाकडी गेट आहे, त्याच्या आत बिन. विमल आत गेली आणि ते काळं बिन चाकांवर खडखडवत बाहेर घेऊन आली. मी नेहमीसारखा फूटपाथवर उभा, टोपी खाली ओढून. कोणी ओळखीचं गेलं तर बुटाची नाडी बांधायला वाकायचं, ही माझी पद्धत. तिनं बिनचं हँडल रस्त्याकडे केलं, कचरेवाल्यांना सोपं पडतं म्हणून. वरच्या खिडकीत दिवा होता. पडदा हलला नाही.

येताना ती एका घराच्या कुंपणाला हात लावून थांबली. मी म्हणालो, बघ, दमलीस. ती म्हणाली, "चढ आहे." चढ कुठला? सगळं गाव सपाट.

माझी बायको या गावाची नगरसेविका होती. इकडे इंग्लंडात कौन्सिलर म्हणतात. गावाचं नाव लिहीत नाही. स्लाऊहून बस पकडली की येतं, एवढं पुरे. आणि त्याच्या आधी, लग्नाच्याही आधी, ती लढाईत होती. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेच्या सीमेजवळ लष्कराच्या तंबूतल्या इस्पितळात नर्स होती. नुकतीच शिकून बाहेर पडलेली पोरगी. तिला मेडल मिळालं होतं. ते शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर पडलेलं असायचं. आमची लेक वैशू लहानपणी त्याच्याशी दुकान दुकान खेळायची.

मी कोण, तर मिरजेकडचा ट्रक ड्रायव्हर, सातवीत शाळा सोडलेला. लग्न झाल्यावर तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या मागून मी आलो. भावकीत लोक तोंडावर म्हणायचे, बायकोच्या पदराला धरून विलायतेला चालला. खरंच होतं ते. इथे मी बिस्किटाच्या फॅक्टरीत पॅकिंगला लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत डॉक्टर लोक विचारायचे, आपण कुठल्या फील्डमध्ये? मी सांगायचो, बिस्किटाच्या. मग ते समोशाकडे बघायचे.

लढाईचं ती काही बोलायची नाही. पण लढाई तिच्या हातापायांत होती. चपला पलंगापाशी नेहमी बाहेर तोंड करून, उठलं की पाय आत. स्वयंपाकघरात सुरी एका जागी, कात्री एका जागी, अंधारातही सापडली पाहिजे. कोणाच्या घरी गेली की आधी हात धुवायची, मग बोलायची. इंग्रज बायकांना वाटायचं ही बाथरूम बघायला आली. आणि माणसाच्या कपाळाला हात लावायची तर पालथा, बोटांच्या मागच्या बाजूनं. कौन्सिलच्या मेयरलाही एकदा असाच लावला. म्हणाली, ताप आहे, घरी जा. मेयर घरी गेला.

एकच गोष्ट तिनं तंबूची सांगितलेली, तीही मी पोटात दुखतंय म्हणून फार आरडाओरडा करत होतो म्हणून. ट्रक भरून जखमी यायचे. सगळे एकदम उतरवायचे. तिची मोठी सिस्टर तिला म्हणाली होती, "ओरडतोय तो थांबू शकतो, त्याच्यात जीव आहे. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा." हे सांगून विमल मला म्हणाली, "म्हणून तुमची मला काळजी नाही."

तिचं सगळं राजकारण त्या एका वाक्यावर चाललं. इकडे कौन्सिलर शनिवारी लोकांना भेटायला बसतो, गाऱ्हाणी ऐकायला. विमल लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसायची. पण खुर्चीत बसण्याआधी ती बाहेर रांगेतून एक चक्कर मारायची, वॉर्डात नर्स मारते तशी. एकदा एक गोरा माणूस पार्किंगवरून तारस्वरात बोलत होता, पहिला नंबर त्याचाच. सगळ्यात शेवटी एक पोरगी, कडेवर मूल, भिंतीला टेकलेली. कोणाकडे बघत नव्हती. विमलनं तिला दंडाला धरून आत नेलं. तो माणूस खवळला, म्हणाला मी तासभर उभा आहे. विमल वळून म्हणाली, "तुमचा आवाज चांगला आहे. अजून तासभर पुरेल."

त्या पोरीच्या घरमालकानं कुलूप बदलून तिला बाहेर काढलेलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला खोली मिळाली. पार्किंगवाल्याचंही काम झालं, पण सोमवारी. पुढच्या निवडणुकीत त्यानं आमचा बोर्ड आपल्या बागेत लावला.

निवडणुकीत माझं काम गाडी चालवायचं आणि पत्रकं टाकायचं. इथे दारालाच फट असते पत्रांची, आणि फटीमागे कुत्रं. पहिल्याच दिवशी माझं बोट फोडलं. दुसऱ्या दिवशी विमलनं स्वयंपाकघरातलं लाकडी उलथणं माझ्या हातात दिलं. पत्रक उलथण्यावर गुंडाळायचं आणि आत सरकवायचं. कुत्रं चावलं तर उलथण्याला. पक्षातल्या सगळ्यांनी मग उलथणी घेतली. गल्लीतून आम्ही चाललो की वाटायचं, कुठे तरी पंगत आहे.

अशाच एका फेरीत केन पहिल्यांदा भेटला. दार उघडून म्हणाला, मी तुमच्या पक्षाला मत देत नाही, माझ्या बापानंही दिलं नाही. विमलचं लक्ष त्याच्या पायाकडे. पायाला बँडेज, मळलेलं. म्हणाली, "मत नको. पाय दाखवा." आणि पायरीवर बसून तिनं ते सोडलं. आमचीच पत्रकं खाली अंथरली. आतून त्याची बायको जोन आली आणि नुसती हसत उभी राहिली. गोल चेहरा, पांढरे केस, गुलाबी कार्डिगन. फार बोलायची नाही ती. केन मात्र जखम धुऊन होईपर्यंत आमच्या पक्षाला शिव्या घालत होता. विमल मधून मधून "येस, केन" म्हणत होती. निघताना तो म्हणाला, "नर्स, तुम्ही चांगल्या आहात, तुमचा पक्ष बेकार आहे." तेव्हापासून तो तिला नर्सच म्हणायचा.

पुढे जोनला विसरण्याचा आजार झाला. मंगळवारी आणि गुरुवारी ती कम्युनिटी हॉलमधल्या लंच क्लबात यायची. म्हातारी माणसं तिथे गरम जेवायची, पत्ते खेळायची. पंजाबी होते, आयरिश होते, आमच्या मंडळातलेही दोघे-तिघे जायचे. केन तिला सोडायचा आणि तेवढ्या वेळात भाजी लावलेल्या आपल्या जमिनीच्या तुकड्यावर जाऊन बटाटे उकरायचा. आठवड्यात तेवढीच त्याला सुटका. गणपतीत उरलेला शिरा विमल क्लबात न्यायची. जोनला तो आवडायचा. नाव विसरायची, पण विमल दिसली की हाताची वाटी करायची.

मग कौन्सिलकडचे पैसे संपले. कसे संपले ते मला कळलं नाही, ज्यांना कळलं त्यांनी सांगितलं नाही. पक्षाच्या खोलीत ठरलं की दोनपैकी एक बंद होणार. एक तर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे सकाळी बाई जाते, उठवते, धुते, ते. नाही तर लंच क्लब.

मीटिंगला मी वरच्या गॅलरीत बसलो होतो. क्लबवाले सगळे आले होते, बोर्ड घेऊन. काय आवाज होता. केन सगळ्यांत पुढे, कठड्याला धरून ओरडत होता. त्याच्या शेजारी जोन, हात मांडीवर ठेवून, छताच्या दिव्यांकडे बघत होती. विमल उठली आणि बोलली. म्हणाली, जे इथे येऊन ओरडू शकतात ते माझ्यावर रागावतील, पण जगतील. जे अंथरुणात आहेत त्यांचा आवाज इथे येत नाही. मी त्यांच्याकडे आधी जाणार. आणि क्लब बंद करण्याच्या बाजूनं तिनं हात वर केला. मला त्या वेळी अभिमान वाटला. बाजूच्या आयरिश बाईनं माझ्याकडे बघितलं, तरी वाटला.

त्या थंडीत एका गुरुवारी केन कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेला. येऊन बघतो तर घराचं दार सताड उघडं. जोन सापडली ती कम्युनिटी हॉलच्या पायरीवर. जेवणाच्या वेळेला, सपाता घालून, बंद दारासमोर बसलेली. पाऊस होता. कोणी विचारलं तर म्हणाली, अजून उघडलं नाही. तिला न्युमोनिया झाला आणि त्यातून ती उठली नाही.

विमलनं मला विचारलं, "त्या मीटिंगला जोन होती?"

मी म्हणालो, होती.

"कुठे?"

"केनच्या शेजारी. गप्प बसली होती."

 तिनं गॅसवरचा कुकर बंद केला आणि तसाच ठेवला. मग म्हणाली, "मी केनचा आवाज ऐकला आणि पुढे गेले. गप्प माणूस त्याच्या शेजारी होतं. मला दिसलं नाही."

लोकांनी समजावलं. पक्षाचा पुढारी घरी येऊन सांगून गेला की तुमच्या एकटीच्या हातानं काही झालं नाही, बहुमत होतं. डॉक्टर मंडळी म्हणाली, डिमेन्शियात असं होतं. वैशू मिल्टन कीन्सहून रोज फोन करायची, "आई, तू कशाला स्वतःला ब्लेम करते?" विमल सगळ्यांना चहा द्यायची. मी पण सांगितलं, जगातल्या सगळ्यांची लाज तूच काय घेऊन बसलीस? तर म्हणाली, "सगळ्यांची नाही. एका हाताची."

जोनच्या फ्युनरलनंतर ती केनच्या दारी गेली. मी गाडीत. काच खाली केली होती, सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, मी हात वर केला होता, ते सांगायला आले. केन तिच्याकडे बघत उभा राहिला. दुसरा कोणी असता तर ओरडला असता, आणि हा तर ओरडणाराच माणूस. हळू बोलला.

"माझ्या दाराची बेल पुन्हा वाजवू नकोस."

विमल "येस, केन" म्हणाली आणि गाडीत येऊन बसली. पट्टा लावता येईना तिला. मी लावला.

पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही. पक्षानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला, मंडळानं शाल आणि नारळ. दोन्हीकडे ती गेली नाही, मला पाठवलं. मी खुर्चीत बसून तिचं कौतुक ऐकलं. एक डॉक्टर लढाईवरही बोलले, शूर वीरांगना वगैरे. नारळ घेऊन मी घरी आलो तर ही बाई घरात नाही. केनच्या गेटाशी उभी.

झालं असं होतं की त्याच्या गल्लीतून जाताना तिनं बघितलं, गुरुवार असून बिन बाहेर नाही. केनची कंबर तोवर गेली होती. दाराची बेल वाजवायची नाही असं तिनं कबूल केलं होतं. पण गेटाला बेल नव्हती. गेटाला आतून कडी होती. पुढच्या बुधवारी ती गेटाशी जाऊन म्हणाली, केन, मी बिन न्यायला आलेय. उत्तर नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी परत. मी जायचो कारण संध्याकाळी तिला एकटीला सोडवत नव्हतं. एक पूर्ण हिवाळा ती बंद गेटाला सांगत राहिली की मी बिन न्यायला आलेय. गल्लीतले लोक पडद्याआडून बघायचे. माझे कान तापायचे.

एकदा मी बोललोच. "नगरसेविका होतीस. मेडलवाली. आता लोकांच्या दारात कचऱ्यासाठी उभी राहतेस. मला लाज वाटते बाहेर तोंड दाखवायला."

ती म्हणाली, "हात वर केला तो सगळ्यांसमोर केला ना? मग हे लपून कशाला करू?"

आणि मग एका बुधवारी तिनं गेट ढकललं तर ते उघडलं. बिन आतच, गेटाजवळ, हँडल आमच्याकडे करून ठेवलेलं. तिनं ते बाहेर आणलं आणि गेट लोटलं. जेवताना म्हणाली, "कडी काढलेली होती."

मी म्हणालो, गंजून मोडली असेल.

"कडी मोडते तेव्हा लोंबते. ही काढून ठेवली होती."

त्या दिवसापासून बुधवारी संध्याकाळी बिन बाहेर आणि गुरुवारी सकाळी रिकामं बिन आत. केन कधी दिसला नाही. खिडकीत दिवा असायचा तेवढाच. ती पण कधी खिडकीकडे बघायची नाही. पण वाट बघत होती, हे मला माहीत होतं. घरी आलं की सांगायची, आज त्यानं गेटासमोरची पानं झाडली होती. आज बर्फावर मीठ टाकलं होतं, मी घसरू नये म्हणून. मी म्हणायचो, त्यानं स्वतःसाठी टाकलं असेल. ती म्हणायची, "तो त्या गेटानं येतो कुठे?"  एवढीशी पानं, एवढंसं मीठ, आणि ही बाई त्याच्यावर आठवडा काढायची.

तर ती बुधवारची संध्याकाळ. घरी आल्यावर तिनं आमटी गरम केली. मी म्हणालो मीठ कमी आहे. ती म्हणाली, वरून घ्या. नेहमीचंच. झोपताना चपला बाहेर तोंड करून ठेवल्या.

सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ती उठली नाही. झोपेतच गेली होती. मी कपाळाला हात लावला, पालथा, तिच्यासारखा. ॲम्ब्युलन्सवाले आले, त्यांनी बघितलं, मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. म्हणाले डॉक्टर येतील, मग पुढचं. वैशूला फोन केला. ती रडत म्हणाली, "बाबा, मी निघाली, तू कुठे जाऊ नको." ते लोक गेले आणि घरात मी आणि ती उरलो. मी तिच्या उशाशी बसलो. काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. हे सगळं तिलाच माहीत असायचं.

बाहेर कचऱ्याची गाडी आली, खडखड झाली, पुढे गेली. मी ऐकत बसलो. मग आठवलं की गुरुवार आहे.

मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि कोट घातला. टोपी खुंटीला राहिली, ते मला गल्ली वळल्यावर कळलं. केनचं बिन फूटपाथवर आडवं पडलं होतं. ते उभं केलं. गेट ढकललं, आत नेलं, भिंतीला लावलं, हँडल बाहेरच्या बाजूला. वळलो तर पुढचं दार उघडलं.

केन ड्रेसिंग गाऊनमध्ये, काठी धरून. खूप म्हातारा झाला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, गल्लीकडे बघितलं.

"आज नर्स नाही?"

माझं इंग्लिश म्हणजे फॅक्टरीतलं. तेवढं सांगायला पुरलं असतं. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडावर बोललेला माणूस, गेली म्हणायला काय लागतं?  पण तो काही तरी म्हणायला उठून, कमरेची कळ सोसून, दारापर्यंत आला होता. मी म्हणालो, "रेस्टिंग."

त्यानं मान हलवली. म्हणाला, थंडी आहे, बरं केलं. मग त्यानं पायरीकडे बघितलं. त्याच पायरीवर तिनं एकदा त्याचा पाय धुतला होता.

"तिला सांग," तो म्हणाला, "पुढच्या वेळी बेल वाजव म्हणावं."

मी म्हणालो, "सांगतो."

त्याला कळणारच होतं, दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळणार होतं. पण त्याच्या दारात, त्या सकाळी, माझ्या तोंडून नको. मी गेट लोटून घेतलं. घरी आलो. हात धुतले. मग तिच्या शेजारी बसलो आणि सांगितलं.